आजाऱ्याच्या हातचा गूळ

आजारी माणसाने मायेने तुमच्या हातावर काही खायला ठेवले, तर तुम्ही नको म्हणाल का?

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होते. तिथे रीत होती, की भेटायला येणाऱ्याच्या हातावर आजाऱ्याने स्वतः गुळाचा खडा ठेवायचा. तो खाल्ला की आजाऱ्याचे दुखणे हलके होते, असे सगळे मानत. जो खात नसे, तो त्याच्या मरणाची वाट पाहतो, असे म्हणत.

एका वर्षी गावात जुलाब-वांत्यांची साथ आली. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी उठेनासा होई. वैद्यबुवांकडे एक मुलगी वैद्यकी शिकत होती. तिची आई आजारी शेजारणीला भेटून आली आणि दोन दिवसांत वारली. तेव्हापासून वैद्यबुवाच तिला सांभाळत होते.

ते म्हणाले, "औषध मी देतो. हे येतंय कुठून, ते तू शोध."

मुलगी घरोघर गेली. कोण कोणाला भेटले, काय खाल्ले, पाणी कुठले प्यायले, हे विचारत राहिली. बायका म्हणत, "आधी नाडी धरायला शीक, मग आमच्या चुलीची चौकशी कर." तरी तिने विचारणे सोडले नाही. पाणी सगळे एकाच झऱ्याचे पीत होते. दारातून विचारपूस करून परतलेले लोक धडधाकट होते. गूळ खाल्लेले अंथरुणाला खिळले होते.

तिने हे भरल्या चावडीत सांगितले. वैद्यबुवांचा ऊर भरून आला. "मला जन्मभरात दिसलं नाही, ते या पोरीला दिसलं," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटलांनी तिला शेला दिला आणि म्हणाले, "आता घरी चल. आमच्या आईचा आशीर्वाद घे. कालपासून पडून आहे ती."

सगळे पाटलांच्या घरी गेले. म्हातारीने अंथरुणातूनच स्वतःच्या हाताने गूळ पुढे केला. "घे गं बाय. गुणाची आहेस."

मुलीने हात मागे घेतले. "आजी, मी नमस्कार करते. गूळ नको."

म्हातारीचे डोळे भरले. पाटील म्हणाले, "म्हणजे आमची आई मरावी, असंच ना?"

"एवढासा खडा," वैद्यबुवा हळूच म्हणाले. "म्हातारीचं मन राख."

"बुवा, मी सांगितलं ते खरं आहे, असं तुम्हीच म्हणालात."

"खरंच आहे गं. पण ते चावडीतलं झालं. इथं माणूस समोर आहे."

असे म्हणून त्यांनी तो खडा घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मुलीने त्यांचा हात धरला, पण उशीर झाला होता. मग म्हातारीने दिलेला दुसरा खडा पाटलांनी खाल्ला, मग दारातल्या एकेकाने. म्हातारी समाधानाने हसली.

खरे कळूनही जे वागण्यात येत नाही, ते ज्ञान कोणालाही वाचवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधासाठी माणसे वैद्यबुवांच्या अंगणात येऊन बसली, पण वैद्यबुवांना उठून दार उघडता आले नाही.