साळूबाईंचे काटे

जंगलात पहिलीवहिली बालवाडी निघाली, त्या काळची ही गोष्ट. साळूबाई नावाची साळिंदर ती वडाखाली भरवायची.

झुबकी खारीची लेक करवंदी दोन महिन्यांनी तिथे जायची होती. घरी तयारी जोरात चालली होती. करवंदीनं जांभूळ अर्धवट टाकलं की झुबकी डोळे वटारायची, "थांब, साळूबाईंकडेच पाठवते तुला. काटे टोचले की खाशील मुकाट्यानं." जांभूळ लगेच संपायचं. झोपायला कुरकुर केली की पुन्हा साळूबाई आणि त्यांचे काटे.

शाळेचा दिवस उजाडला. वडाखाली पोचताच करवंदी आईच्या शेपटीला जी चिकटली, ती सुटेना. बाकीची पिल्लं बघत होती. झुबकीचा पारा चढला आणि ती साळूबाईंवर उखडली.

"काय हो बाई, केलंत तरी काय माझ्या लेकीला? तुमचं नाव काढलं की थरथर कापते. एवढ्याशा पोरांना घाबरवून शाळा चालवता होय?"

साळूबाईंनी काटे अंगालगत मिटून घेतले. "मी तर हिला आज पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या.

"मग हिच्या डोक्यात हे भरवलं कुणी? नाव कळू द्या फक्त, शेपटी उपटून हातात देते त्याच्या."

तेवढ्यात करवंदी आईच्या मागून पुढे आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मी आज सगळं जांभूळ संपवलंय. हवं तर आईला विचारा. मला टोचू नका ना."

झुबकीनं आपली शेपटी हळूच अंगाखाली ओढून घेतली.