उंबरा कुणी हलवला?

फार पूर्वी, गडांवर अजून नगारे झडत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका गडाखालच्या गावाची रीत न्यारी होती. आजारातून उठलं की माणसं देवापुढे गूळ वाटतात. या गावात गुळाआधी पारावर बसून आपलं दुखणं सगळ्यांना सांगावं लागे. शेजारची गावं हसत. या गावाला मात्र आपल्या रीतीचा मोठा अभिमान, आणि तो असावाच!

गडावर एक पहारेकरी होता. नजर घारीची. बुरुजावरची रात्रीची राखण त्याच्याकडेच असे. अलीकडे मात्र दिवस मावळला की तो मशालजीवर खेकसायचा, "मशालीत तेल घालतोस की पाणी?"

एके दिवशी एक कुंभारीण पारावर बसली. किल्लेदारही ऐकायला आला होता. पहारेकरी कडेला उभा होता, तो गुळापुरता.

"दिवेलागणीनंतर मला दिसेना," कुंभारीण म्हणाली. "आधी वातीला दोष दिला, मग तेल्याला. एकदा ठेचकाळले, तर सुनेवरच ओरडले, उंबरा कुणी हलवला गं?"

गाव खदखदून हसलं. पहारेकरी हसला नाही. हे तर आपलंच चाललंय, असं त्याच्या मनात आलं.

"वैद्यबुवा म्हणाले, बाई, उंबरा जागच्या जागी आहे, तुला रातांधळेपणा झालाय. शेवग्याचा पाला खाल्ला नेमानं. आता दिसतं."

बोलावं तर नाव जाणार, गप्प बसावं तर गड. पहारेकरी घुटमळला. पण तो याच गावचा होता.

"किल्लेदार," तो पुढे येऊन म्हणाला, "आज बुरुजावर दुसरा माणूस ठेवा. अंधारात मलाही दिसत नाही."

त्याच रात्री शत्रू दोर लावून तट चढू लागला. नव्या पहारेकऱ्यानं तो पाहिला आणि गड वाचला.

सकाळी किल्लेदारानं नव्या आणि जुन्या, दोन्ही पहारेकऱ्यांना सोन्याचं एकेक कडं दिलं. कुणीतरी कुजबुजलं, "जुन्यानं काय केलं?"

किल्लेदार गरजला, "शत्रू कुणालाही दिसेल. स्वतःचं वैगुण्य बघायला छाती लागते!"

जुन्या पहारेकऱ्यानं आपलं कडं काढून कुंभारणीच्या हातात घातलं. "मावशी, हे तुमचं. तुम्ही बोललात म्हणून मला कळलं."

पुढे पाला खाऊन त्याचीही नजर परतली. मग तो पारावर बसला आणि ताठ मानेनं आपलं दुखणं सांगू लागला. पूर्वी हसणारी शेजारची गावंसुद्धा ऐकायला आली होती.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं मन लावून ऐकणाऱ्याला स्वतःचं दुखणं वेळेवर ओळखता येतं.