वाटे न पडणारी रास

एका राज्यात वीरध्वज नावाचा राजा होता. कालकूट जादूगाराच्या गुहेत शापित मोती होते. राजाने त्यांना हात लावला आणि जागच्या जागी तो दगड झाला. त्याची लेक शशिरेखा घोड्यावर बसली, बोलणारा धनेश पक्षी सोबत घेतला आणि गुहेशी आली.

जादूगार म्हणाला, "डाव संपेतो मोत्यांचा शाप बाधणार नाही. त्यांचा चौरस मांड. जितक्या ओळी, तितकेच एका ओळीत मोती. वर एक मोती ठेव. अशा तीन राशी दे. दुसरी दहाहून मोठी, तिसरी साठाहून मोठी. मला सारखे वाटे करता आले नाहीत, तर राजा सुटला. एकेका मोत्याचा वाटा मी धरणार नाही."

"आणि वाटे पडले तर?"

"तर तूही दगड."

शशिरेखेने दोन ओळींचा चौरस केला, वर एक मोती. पाच. वाटे पडेनात. मग चार ओळी. सतरा. जादूगाराने दात खाल्ले.

राजकन्या हरखली. तिसऱ्यांदा तिने झटक्यात आठ ओळी मांडल्या. पासष्ट! जादूगाराने हसत हसत पाच-पाच मोत्यांचे तेरा वाटे केले. शशिरेखेची पावले दगड झाली आणि दगड वर चढू लागला.

"दगड काळजापर्यंत पोचेतो नवी रास मांडायची तुला मुभा आहे," जादूगार म्हणाला.

धनेश चोचीने मोती आणू लागला. नऊ ओळी, वर एक. ब्याऐंशी. त्याचे सरळ दोन सारखे वाटे पडले. मग दहा ओळी, वर एक. एकशे एक.

"राजकन्ये, दगड कमरेशी आला! देऊन टाक!" धनेश ओरडला.

"थांब. मघाशी घाईनेच घात केला."

तिने दोन वाटे करून पाहिले, मग तीन, पाच, सात. दर वेळी मोती उरले. दोन, तीन, पाच वाटे पडत नाहीत, म्हणजे चार, सहा, आठ, नऊ, दहाही पडणार नाहीत. दहाहून जास्त वाटे केले, तर एकेका वाट्यात दहाहून कमी मोती येणार, आणि तेवढे तर तिने पारखलेच होते.

"घे," ती म्हणाली.

जादूगार वाटत राहिला, घामाघूम झाला आणि शेवटी धूर होऊन विरला. शशिरेखेचे पाय मोकळे झाले. राजा मोठ्याने शिंकला आणि उठून बसला.

राज्यात दरबार पुन्हा भरला, नगारे झडले. एके सकाळी राजाने विचारले, "बाळे, अशा राशी कुठे संपतात का गं?"

"ठाऊक नाही, तात," मोती मांडता मांडता शशिरेखा हसली. "आत्ताच एक नवी सापडली आहे."

ती हसली तसे ऐकणारे तुम्हीही हसत राहा.