गाडीला हात नसतात

कोल्हापूरच्या मृदुला घोरपडेने सुटे भाग मागवून शर्यतीची उघडी गाडी स्वतः जोडली होती. पण सरळ पट्ट्यावर वेग चढला की वारा गाडीच्या नाकाखाली शिरायचा, पुढची चाकं हलकी पडायची आणि गाडी वळेनाशी व्हायची. मागच्या शर्यतीत ती तशीच थेट गवतात गेली होती. म्हणून या खेपेला मृदुलाने हट्टाने फायबरचा नवा बंपर बसवला. जमिनीलगत उतरलेला तो बंपर वारा अडवून नाक खाली दाबून धरायचा.

शर्यतीच्या उद्घाटनाला आलेले मोटार क्लबचे अध्यक्ष रावसाहेब तो बघून खो खो हसले. "हा काय नखरा? वाऱ्याने कधी एवढं लोखंड उचललंय का? बंपर काढ, नाहीतर गाडी घरी ने!"

मृदुला जागची हलली नाही. "काढते, रावसाहेब. आधी शेजारी बसून एक फेरी मारा."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? रावसाहेब भरजरी फेट्यानिशी बसले. सरळ पट्टा येताच मृदुलाने वेग वाढवला, तसा त्यांनी दोन्ही हातांनी फेटा गच्च दाबून धरला. गाडी थांबली तरी हात तिथेच.

"रावसाहेब, फेटा का धरलात?"

"अगं, वाऱ्याने उडाला असता की!"

"माझ्या गाडीचंही तेच होतं. तिला हात नाहीत, म्हणून बंपर लावला."

भोवतीची माणसं हसू दाबत राहिली. रावसाहेबांनी घसा खाकरला.

"लाव गाडी रांगेत," ते म्हणाले. "आणि त्या बंपरला कुणी हात लावू नका."