चिचुंद्रीचं दार आणि लाल चिमटा

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक, अंगाला वास.

तिचं बीळ होतं अंगणाच्या उतारावर. बिळाला एकच दार. दारात उभं राहिलं की दिसायची दिगूकाकांची निळी गाडी.

काल दिगूकाकांनी गाडी दुरुस्त केली. स्वतःच. गाडीच्या पोटाखाली शिरून पेट्रोलची जुनी गाळणी काढली, नवी बसवली, हात पुसले. मंदाकाकूंना म्हणाले, "बघ, कुणाला बोलवावं लागलं नाही."

आज सकाळी काका गाडीत बसले. ब्रेक सोडला. गाडी उतारावर घरंगळली. गडगड गडगड... ढप्प. चाक बसलं नेमकं बिळाच्या दारावर.

काकांनी किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र. गाडी गप्प.
परत फिरवली. खर्र खर्र खर्र. गाडी गप्प.
ढकलावी, तर पुढे चढ. गाडी जड.

चिचुंद्री किडे शोधायला गेली होती. तुरुतुरु परत आली. बघते तर काय, दार नाही. दाराच्या जागी चाक. आणि चाकाखालून आवाज येतोय, "चीं चीं. आई, चीं चीं."

आत तिची पिल्लं होती. भुकेली होती.

चिचुंद्री चाकाला म्हणाली,
"चाकदादा, चाकदादा, सरक ना.
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

चाक म्हणालं, "माझा मी कसा सरकू? इंजिन धडधडेल तर मी सरकेन."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, नाक वर, सूं सूं. गेली इंजिनाकडे.

"इंजिनमामा, इंजिनमामा, धडधड ना.
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

इंजिन म्हणालं, "ठिणगी आहे. हवा आहे. पण खाऊच नाही. पेट्रोल हा माझा खाऊ. गाळणी भरेल तर मी धडधडेन."

चिचुंद्रीनं वास घेतला. सूं सूं. खरंच, पेट्रोलचा वास नाही. चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, नाक वर, सूं सूं. गाडीच्या पोटाखाली गेली. तिथे होती नवी गाळणी, कोरी करकरीत.

"गाळणीताई, गाळणीताई, भर ना.
इंजिन धडधडत नाही,
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

गाळणी म्हणाली, "कालपासून मी रिकामी. एक थेंब आला नाही. नळी वाहील तर मी भरेन."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, नाक वर, सूं सूं. गेली नळीकडे.

"नळीबाई, नळीबाई, वाहा ना.
गाळणी भरत नाही,
इंजिन धडधडत नाही,
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

नळी म्हणाली, "वाहू कशी? मला दुमडून ठेवलंय. वर चिमटा बसलाय. चिमटा सुटेल तर मी वाहीन."

चिचुंद्रीनं वास घेतला. चिमट्याच्या अलीकडे वास नाही. चिमट्याच्या पलीकडे वासच वास. पेट्रोल इथेच अडलं होतं.

चिमटा होता लाल. कपडे वाळत घालायचा. त्याचा एक दात तुटका.

"चिमटेभाऊ, चिमटेभाऊ, सूट ना.
नळी वाहत नाही,
गाळणी भरत नाही,
इंजिन धडधडत नाही,
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

चिमटा म्हणाला, "चिमट्याचं काम धरायचं. सोडायचं काम हाताचं. काका बघतील तर मी सुटेन."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, नाक वर, सूं सूं. गेली दिगूकाकांकडे. काका गाडीत बसून किल्ली फिरवत होते. खर्र खर्र खर्र.

"दिगूकाका, दिगूकाका, बघा ना.
चिमटा सुटत नाही,
नळी वाहत नाही,
गाळणी भरत नाही,
इंजिन धडधडत नाही,
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

काकांनी नाकाला रुमाल लावला. अर्धं ऐकलं, अर्धं नाही. म्हणाले, "गाळणी मीच बसवली. नळी मीच लावली. त्यात बघायचं काय? आणि खाली अंधार आहे. काकू टॉर्च धरेल तर मी बघेन."

चाकाखालून आवाज आला. "चीं चीं. आई, चीं." आता जरा बारीक आला.

चिचुंद्री पळाली. तुरुतुरु तुरुतुरु, नाक वर, सूं सूं. गेली मंदाकाकूंकडे. काकू दोरीपाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत ओली चादर. वारा चादर ओढत होता. फड फड फड.

"मंदाकाकू, मंदाकाकू, टॉर्च धरा ना.
काका बघत नाहीत,
चिमटा सुटत नाही,
नळी वाहत नाही,
गाळणी भरत नाही,
इंजिन धडधडत नाही,
चाक सरकत नाही,
दार उघडत नाही,
पिल्लं आत अन् मी बाहेर."

काकूंचा जीव कळवळला. पण त्या म्हणाल्या, "कशी येऊ गं? चादर सोडली तर मातीत पडेल. कालपासून माझा एक चिमटा सापडत नाही. चिमटा मिळेल तर मी येईन."

चिचुंद्री खाली बसली.

काका काकूंसाठी अडले. काकू चिमट्यासाठी अडल्या. चिमटा काकांसाठी अडला. गोल गोल गोल. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच उरलं नव्हतं.

चिचुंद्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नाक पुसलं. नाक पुसता पुसता थांबली.

"काकू," ती म्हणाली, "तुमचा चिमटा लाल आहे का?"

"लाल आहे."

"एक दात तुटका?"

"तुटका आहे. तुला गं कसं ठाऊक?"

"तो तर गाडीच्या नळीवर बसलाय."

काकू गाडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ओली चादर खांद्यावर टाकली. पाणी टपटप गळलं, गळू दे. काकू निघाल्या. थप थप थप. पुढे चिचुंद्री. तुरुतुरु तुरुतुरु.

"अहो," काकू म्हणाल्या, "काल नळीला काय लावलं होतंत?"

"काही नाही. पेट्रोल गळू नये म्हणून जरासा चिमटा."

"मग काढलात का?"

काकांचा हात किल्लीवर तसाच राहिला. काका हळूच गाडीतून उतरले.

काकूंनी टॉर्च धरला.
काका वाकले, काकांनी बघितलं.
चिमटा सुटला. टच्.
नळी वाहिली. सुळसुळ सुळसुळ.
गाळणी भरली. गुडगुड गुडगुड.
काकांनी किल्ली फिरवली. खर्र खर्र... धडधड धडधड धडधड.
इंजिन धडधडलं.
चाक सरकलं. हळू हळू, चढावर, वर, वर, वर.
दार उघडलं.

चिचुंद्री दारापाशी आली. नाक आत घातलं. सूं सूं.

आधी एक नाक बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं. मग थोडा वेळ कुणीच नाही. चिचुंद्रीनं श्वास रोखून धरला. काकांनीही धरला.

मग आलं चौथं. सगळ्यांत छोटं. जांभई देत.

"आहेत गं सगळी," काकू म्हणाल्या. त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. हुश्श.
काकांनी सोडला. हुश्श.
गाडीनंसुद्धा सोडला. फुस्स.

पहिल्या पिल्लानं आईला मागून धरलं. दुसऱ्यानं पहिल्याची शेपटी धरली. तिसऱ्यानं दुसऱ्याची. चौथ्यानं तिसऱ्याची. झाली एक साखळी. साखळी चालली अंगणभर. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

"केवढा वास येतो हिला," काका म्हणाले.

"तुमच्या हातांना काय अत्तराचा येतोय?" काकू म्हणाल्या.

काकांनी हात हुंगले. पेट्रोलचा घमघमाट. काका हसले, काकूही हसल्या. मग काकांनी चिचुंद्रीला विचारलं की तुला चिमटा सापडला तरी कसा. चिचुंद्री म्हणाली, "वास जिथे थांबला, तिथे मी थांबले."

"पुढच्या वेळी दुरुस्तीला मला बोलवा," काकू म्हणाल्या. "तुम्ही लावा. काढलं का, ते मी विचारेन."

काकांनी मान डोलावली. मग त्यांनी एक वीट आणली आणि बिळाच्या दाराशी उभी ठेवली. आता चाक आलं, तरी विटेला अडणार. दाराला नाही.

लाल चिमटा दोरीवर गेला. त्यानं चादर घट्ट धरली. धरायचं तर त्याचं कामच.

चादर वाऱ्यावर. गाडी सपाटीवर. पिल्लं आईच्या कुशीवर.
आणि आपली गोष्ट? ती आली उशीवर.