माळावरचं गेट

आईशप्पथ, खरी गोष्ट आहे. म्हणजे, निम्मी तरी. ऐकून हसलास, तर या भज्यांचे पैसे तुझ्याकडे.

वनमालाताई दुधाणेंनी धुणीभांडी करणाऱ्या बायांसाठी उघड्या माळावर, चिंचेखाली वेल्डिंगचं कॉलेज काढलं. तपासणीला आलेले शिरगोपीकरसाहेब गुरकावले, "गेट नाही, मग कसलं कॉलेज? मान्यता नाही!"

ताईंचं डोकंच फिरलं. त्यांनी बायांकडून गेट बनवून घेतलं. भिंत नाहीच, माळावर नुसतं गेट. वर कुलूप.

साहेब पुन्हा आले, तर गेटबाहेर भर उन्हात अडकले. "अहो, उघडा की!"

ताई सावलीतून कडाडल्या, "चावी हरवली! बाजूनं आलात, तर गेटवाचून अडत नाही हे कबूल करा आणि सही ठोका. नाहीतर भाजत बसा तिथंच!"

साहेब मुकाट बाजूनं आले. सही ठोकली.

हसलास ना? मग भज्यांचे पैसे तू दे.