मापाऱ्याची लेक आणि वेळूचं नळकांडं

फार पूर्वीची गोष्ट आहे बरं का, गावोगाव तराजू-काटे यायच्याही आधीची. खळ्यावर धान्याची रास पडली की मापारी यायचा, आणि तो मोजेल तेच खरं.

अशाच एका गावात एक मापारी होता. हात असा बसलेला की दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत होती. त्याचा ‘लाभ’ कानावर पडला की गाव निर्धास्त व्हायचं.

त्याला उशिरा झालेली एकुलती एक लेक होती, ठमी. वय वर्षं चार. दिवसभर परसात वाळूत बसायची. एक फुटका शेर, एक करवंटी आणि वेळूचं एक लांबोडकं नळकांडं, एवढाच तिचा संसार. “लाभ, दोन, सात!” असं मोजत ती पाहुण्यांना जेवायला वाढायची. पाहुणे म्हणजे कोण, तर चार खडे आणि एक बोडकी बाहुली.

सुगीत मापारी तिला खळ्यावर घेऊन गेला. नळकांडं काखेत होतंच. तिथं एका टवाळ शेतकऱ्याला लहर आली. त्यानं करवंटीत ज्वारी घेतली आणि ठमीच्या डोळ्यांदेखत ती सगळी नळकांड्यात ओतली.

“सांग ठमे, ज्वारी जास्त झाली की तेवढीच राहिली?”

ठमीनं बघितलं. ज्वारी केवढी उंच गेली होती! “जास्त झाली!” ती आनंदानं म्हणाली.

खळं खो खो हसलं. “घ्या! मापाऱ्याच्या घरात ओतलं की धान्य वाढतं!”

पाटीलही हसले, पण वर म्हणाले, “मापाऱ्या, तुझ्यामागं माप हिच्याच हाती जायचं ना रे?”

झालं! ते वाक्य मापाऱ्याच्या काळजात रुतलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं माप आता घराबाहेर जाणार, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना. अहो, चार वर्षांचं पोर ते! पण भीती डोक्यात शिरली की माणसाला समोरच्याचं वयही दिसत नाही.

घरी आल्या आल्या त्यानं शेर, करवंटी, नळकांडं सगळं उचलून माळ्यावर टाकलं. “पुरे झाला हा मातीतला धुडगूस! म्हण, ओतलं तरी तेवढंच.”

“ओतलं तरी तेवढंच,” ठमी म्हणाली.

सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आठ दिवसांत पोरगी पोपटासारखी बोलू लागली. मापारी ताठ मानेनं तिला पुन्हा खळ्यावर घेऊन गेला. “विचारा आता काय विचारायचं ते.”

त्या शेतकऱ्यानं एका करवंटीतली ज्वारी दुसऱ्या भांड्यात ओतली. “किती झाली?”

“तेवढीच!” ठमी ठणकावून म्हणाली. मापाऱ्याची छाती फुगली.

मग त्या पठ्ठ्यानं तिच्यासमोरच त्यातली मूठभर ज्वारी काढून घेतली. “आणि आता?”

“तेवढीच!”

या वेळी खळं दुप्पट हसलं. ठमीला काही कळेना. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “आबा, बरोबर म्हटलं ना मी?”

मापाऱ्यानं तिला कडेवर उचललं आणि घरची वाट धरली.

त्या दिवसापासून पोर गप्प झाली. कुणी काहीही विचारलं की आधी बापाच्या तोंडाकडं बघायची. एकदा आईनं विचारलं, “ठमे, भूक लागली का गं?” तर तेव्हाही ती बापाकडंच बघत राहिली. आपल्या पोटातली भूकसुद्धा तिला आता आपली आपण सांगता येत नव्हती.

मापारी उठला आणि थेट गावातल्या म्हाताऱ्या कुंभारणीकडं गेला. “मावशी, माझ्या हातून लेकराचं वाटोळं झालं गं.”

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि बोळकं पसरून हसली. “अरे खुळ्या, तू एवढासा होतास तेव्हा माझ्या दारात बसून भांडायचास. सुरई उंच म्हणून तिच्यात पाणी जास्त, म्हणायचास. हजारदा ओतायचास, सांडायचास. माझी किती मडकी फोडलीस! तुला कुणी पढवलं होतं का?”

मापारी खाली मान घालून घरी आला. माळ्यावर चढला, सगळा पसारा खाली काढला आणि स्वतः वाळूत फतकल मारून बसला. “ठमाबाई, पाहुणा आलोय. जेवायला वाढा की!”

ठमी लांबूनच बघत राहिली. पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी जवळ येऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच करवंटी भरली. “लाभ,” ती म्हणाली. मापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं वाळूचा भात मिटक्या मारत खाल्ला.

मग रोज तेच. ओतायचं, सांडायचं, पुन्हा भरायचं. मापारी चूक काढायचा नाही आणि उत्तरही सांगायचा नाही. असे दोन पावसाळे गेले.

एके दिवशी तो म्हणाला, “मला नळकांड्यातला भात वाढ गं, त्यात जास्त आहे.”

ठमीनं नळकांडं करवंटीत रिकामं केलं, परत भरलं, पुन्हा रिकामं केलं. आणि एकदम खुदकन हसली. “आबा, तू खुळा आहेस का रे? तीच तर वाळू आहे! कुणी घातली नाही, कुणी काढली नाही, मग जास्त कुठून येईल?”

त्या सुगीला टवाळ शेतकऱ्यानं पुन्हा ज्वारी ओतली आणि बोलता बोलता मूठभर लांबवली. “सांग ठमे, किती?”

“काका, आधी मूठ उघडा,” ठमी म्हणाली, “मग सांगते.”

खळं हसलं, पण या खेपेला त्या शेतकऱ्याला. आणि हे बोलताना ठमीनं बापाच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढं तिच्याच हाती माप आलं. ती मोजायला बसली की शेजारी वाळूचा ढीग आणि दोन-चार करवंट्या असायच्याच, खळ्यावर येणाऱ्या पोरांसाठी.

तात्पर्य: पढवलेलं उत्तर पोराच्या ओठांवर राहतं, खेळता खेळता सापडलेलं उत्तर त्याचं स्वतःचं होतं.